स्वादुपिंडाचे विस्मृत कार्य

(आरोग्य-प्रबोधनपर व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठीत ज्या अवयवाला स्वादुपिंड म्हणतात, त्याला हिंदीत ‘अग्न्याशय’ असे नाव आहे. अग्नीचा आशय म्हणजे अग्नीचे निवासस्थान. खाल्लेले अन्न पचविणारा अग्नी जेथे वसतो ती जागा. हे नाव उच्चारताक्षणी पचनाची आठवण होते. मराठी घरात मात्र ‘स्वादुपिंड’ हा शब्द निघाला की डोळ्यांसमोर उभी राहते ती साखर, इन्सुलिनची सुई आणि मधुमेह. या अवयवाचा बहुतांश भाग मुळी साखरेच्या कामासाठी नाहीच, तो अन्न पचविण्यासाठी आहे, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांतूनही विस्मृतीत गेली आहे. या विस्मृतीची किंमत अनेक मधुमेही रुग्ण आपल्या शरीराने मोजत असतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. म्हणजे हा विकार आज कोणाच्याही उंबरठ्याबाहेरचा राहिलेला नाही. साखर मोजण्याचे यंत्र घरोघरी आले, पथ्याची पत्रके भिंतींवर लागली, सकाळी फिरायला जाणाऱ्यांची संख्या वाढली. या जागृतीचे स्वागतच केले पाहिजे. परंतु या जागृतीत एक कोपरा अंधाराच राहिला आहे.

कल्पना करावी की एका मध्यमवर्गीय घरातील वडील साठी ओलांडलेले आहेत. मधुमेह पंधरा वर्षांचा. गेल्या वर्षभरात त्यांचे वजन सात-आठ किलोंनी उतरले. सदरा खांद्यावरून ओघळू लागला. जेवणानंतर पोट फुगते, दिवसातून तीन-चार वेळा शौचास जावे लागते. घरातील सारे म्हणतात, ‘साखरेने माणूस पोखरला.’ मग पथ्य आणखी कडक होते. तूप बंद, तेल बेताचे, भात वर्ज्य, पोळ्या मोजून दोन. तरीही वजन उतरतच राहते. वडील संकोचापोटी शौचाविषयी कोणाशी बोलत नाहीत. मुलेही विचारत नाहीत. डॉक्टरांसमोर पाच मिनिटे मिळतात, ती साखरेचे आकडे वाचण्यात संपतात.

हे चित्र कोणा एका व्यक्तीचे नाही. परंतु अशी घरे अनेक आहेत. दोष साखरेचा असेलही. परंतु याच अवयवाचे दुसरे काम मंदावले असल्याची शक्यताही तेवढीच खरी असते आणि ती तपासली मात्र जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा हेतू ही शक्यता प्रत्येक मधुमेही कुटुंबाच्या ध्यानात आणून देणे हाच आहे.

एक अवयव, दोन कार्ये

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवे पसरलेले असते. लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर आणि वजन अवघे ऐंशी ते शंभर ग्रॅम. एवढासा हा अवयव दररोज एक ते दीड लिटर पाचकरस तयार करतो. हा रस एका नलिकेतून लहान आतड्याच्या पहिल्या भागात, म्हणजे ग्रहणीत उतरतो.

या रसात तीन प्रमुख विकरे, म्हणजे एन्झाइम्स असतात. अमायलेज भाताचे आणि पोळीचे पिष्ट फोडते. ट्रिप्सिन आणि त्याची भावंडे डाळीतील व दुधातील प्रथिने फोडतात. लायपेज तेल-तुपातील स्निग्धांश फोडते. यांच्या जोडीला अल्कधर्मी बायकार्बोनेटही असते. जठरातून आलेल्या अन्नातील आम्लता ते शमविते. कारण आम्लात ही विकरे, विशेषतः लायपेज, निकामी होतात. निसर्गाची काळजी अशी की, प्रथिने फोडणारी विकरे स्वादुपिंडात निद्रिस्त अवस्थेत साठविलेली असतात आणि आतड्यात पोचल्यावरच ती जागी होतात. तसे नसते तर स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवून टाकले असते. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात घडते ते काहीसे असेच.

या साऱ्या पाचक पेशींच्या समुद्रात पेशींचे छोटे छोटे पुंजके बेटांसारखे विखुरलेले असतात. पॉल लँगरहॅन्स या तरुण जर्मन वैद्यकाने १८६९ साली आपल्या प्रबंधात त्यांचे प्रथम वर्णन केले. त्यांचे कार्य काय हे त्याला ठाऊक नव्हते. पुढे त्यांना ‘लँगरहॅन्सची बेटे’ हे नाव मिळाले. इन्सुलिन तयार होते ते याच बेटांत. ही सारी बेटे एकत्र केली तरी ती संपूर्ण अवयवाच्या एक-दोन टक्क्यांहून अधिक भरत नाहीत. उरलेला जवळजवळ सगळा अवयव पचनाच्या सेवेत गुंतलेला असतो. चर्चा मात्र होते ती त्या एक-दोन टक्क्यांची.

इतिहासाने दिलेला धडा

या दोन कार्यांचे नाते किती निकटचे आहे, हे वैद्यकाच्या इतिहासातूनच स्पष्ट होते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सशांवर प्रयोग केले. सशामध्ये पित्तनलिका आतड्यात आधी उघडते आणि स्वादुपिंडाची नलिका बरीच खाली. स्निग्ध आहार दिलेल्या सशाच्या आतड्याकडून निघणाऱ्या रसवाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या झालेल्या त्यांना दिसल्या. पण त्या स्वादुपिंडाची नलिका जेथे उघडते त्याच्या पुढेच. म्हणजे स्निग्ध पदार्थांच्या पचनात स्वादुपिंडाचा रस अत्यावश्यक आहे, हे त्यांनी डोळ्यांना दिसेल अशा रीतीने सिद्ध केले.

त्यानंतर १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड शस्त्रक्रियेने काढून टाकले. त्यांच्यापुढचा मूळ प्रश्न स्निग्धांशाच्या पचनाचा होता. परंतु तो कुत्रा वारंवार लघवी करू लागला आणि त्याच्या लघवीत साखर सापडली. मधुमेहाचा स्वादुपिंडाशी असलेला संबंध अशा रीतीने, पचनाचा शोध घेता घेता, जगासमोर आला.

पुढचे पाऊल कॅनडात टोरांटो येथे पडले. १९२१ साली फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडातून साखर उतरविणारा अर्क मिळविला. बँटिंग यांची मूळ कल्पनाच अशी होती की, नलिका बांधून पाचक पेशी सुकवून टाकाव्यात, म्हणजे बेटांतील द्रव्य पाचकरसाच्या तावडीतून सुटेल. जेम्स कॉलिप यांनी अर्क शुद्ध केला आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन देण्यात आले. पूर्वी ज्या मुलांच्या उशाशी आईबापांनी केवळ अखेरच्या दिवसाची वाट पाहत बसायचे, ती मुले जगू लागली. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या विजयगाथेचे एक पान फारसे वाचले जात नाही. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना टोरांटोच्या त्याच प्रयोगशाळेत इन्सुलिनवर दीर्घकाळ जगविण्याचा प्रयत्न झाला. इन्सुलिन मिळूनही ती कुत्री खंगत गेली, त्यांच्या यकृतात चरबी साचली. त्यांच्या आहारात कच्चे स्वादुपिंड घातले तेव्हा ती सावरली. ही निरीक्षणे १९२४ साली नोंदली गेली. यामागे आहारातील कोलीन या घटकाचाही वाटा होता, असे पुढील संशोधनात दिसून आले. परंतु मूळ धडा तसाच राहतो. स्वादुपिंड गमावलेल्या देहाला केवळ इन्सुलिन पुरेसे होत नाही. त्या अवयवाचे दुसरे दानही त्याला परत द्यावे लागते. या गोष्टीला आता शंभर वर्षे उलटली आहेत.

मधुमेहात पाचकरस का आटतो?

बेटांतून निघणारे रक्त थेट देहभर जात नाही. त्यातील बराच भाग आधी भोवतालच्या पाचक पेशींना न्हाऊ घालतो. त्यामुळे या पेशींना इन्सुलिनचा घनदाट पुरवठा मिळतो आणि इन्सुलिन त्यांना पोसते, त्यांना विकरे बनवावयास लावते. बेटे ओस पडली की शेजारच्या वस्तीचीही उपासमार होते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन जवळजवळ संपते, तेव्हा स्वादुपिंडाचे आकारमानही लक्षणीय घटलेले आढळते. बाहेरून सुईने दिलेले इन्सुलिन साखर सांभाळते. पण अवयवाच्या आत होता तेवढा घनदाट पुरवठा त्यातून होत नाही.

दुसरे कारण मज्जातंतूंचे. जेवण समोर आले, घास पोटात गेला, की मज्जातंतूंकडून स्वादुपिंडाला रस सोडण्याचा निरोप जातो. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने जसे पायांचे मज्जातंतू बधिर होतात, तसे हे आतील तंतूही दुबळे होतात आणि निरोप क्षीण होतो. तिसरे कारण सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नुकसान आणि त्यातून अवयवात तयार होणारे घट्ट तंतू.

चौथा प्रकार याच्या नेमका उलट आहे. तेथे मधुमेहाने स्वादुपिंड बिघडत नाही, तर स्वादुपिंड आधी बिघडते आणि मधुमेह मागाहून येतो. दीर्घकालीन दाह, मद्यपान, शस्त्रक्रिया, स्वादुपिंडाचा कर्करोग अशी त्याची कारणे आहेत. यास टाइप ३ सी मधुमेह म्हणतात. अनेक रुग्णांवर वर्षानुवर्षे टाइप २ चा शिक्का बसलेला असतो, प्रत्यक्षात ते या गटातील असतात.

युरोपातील एका बहुकेंद्री अभ्यासाचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यात टाइप १ च्या सुमारे निम्म्या आणि टाइप २ च्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या मलात स्वादुपिंडाच्या विकराचे प्रमाण कमी आढळले. याचा अर्थ एवढ्या साऱ्यांचे पचन बिघडले आहे, असा मात्र नव्हे. स्वादुपिंडाची राखीव क्षमता विलक्षण असते. लायपेजचे उत्पादन मूळच्या दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत स्निग्धांशाचे पचन बहुधा निभावून जाते, हे अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी १९७३ साली दाखविले. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु ज्याला लक्षणे आहेत त्याची तपासणी टाळण्याचेही कारण नाही.

केरळमधून आलेला इशारा

हा प्रश्न केवळ पाश्चात्त्य देशांचा आहे असे कोणास वाटेल. वास्तविक भारताचा त्याच्याशी जुना संबंध आहे. मधुमेही दोन प्रकारचे असतात, एक स्थूल व बलवान आणि दुसरा कृश व दुर्बल, आणि दोघांचे उपचार वेगळे असले पाहिजेत, हे चरकसंहितेच्या प्रमेहचिकित्सेत नोंदलेले आहे. स्वादुपिंडाचे हे कार्य त्या काळी ज्ञात नव्हते, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे. परंतु कृश मधुमेही हा वेगळा रुग्ण आहे हे निरीक्षण मोलाचेच.

विसाव्या शतकात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी केरळातील अशा कृश रुग्णांचा प्रदीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला. बालपणी पुन्हा पुन्हा उठणारी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू, असे या रोगाचे विदारक चित्र त्यांनी रेखाटले. या रुग्णांच्या स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे सापडत. मद्याचा थेंबही न घेतलेली ही गरीब घरातील मुले होती. साखरेबरोबरच त्यांचे पचनही गेलेले असे.

केरळात कसावा हे गरिबांचे अन्न. साहजिकच संशय कसाव्यातील विषारी घटकांवर गेला. साबुदाणाही कसाव्याच्या कंदापासूनच बनतो, त्यामुळे महाराष्ट्रातील उपवास करणाऱ्या माता-भगिनींना हे ऐकून धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कसावा न खाणाऱ्या प्रदेशांतही हा रोग आढळला आणि तो आरोप सिद्ध होऊ शकला नाही. पुढे २००२ साली हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी या रुग्णांत एका जनुकातील दोष दाखवून दिला. ट्रिप्सिनला अवेळी जागे होण्यापासून रोखणाऱ्या द्रव्याचे ते जनुक. चेन्नईत डॉ. व्ही. मोहन आणि पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सहकाऱ्यांसह या प्रकारच्या मधुमेहावर महत्त्वाचे काम केले आहे. आज उपचारांमुळे या रुग्णांचे आयुर्मान वाढले आहे आणि हा रोग पूर्वीपेक्षा उशिरा, सौम्य रूपात दिसू लागला आहे.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२५ साली कुपोषणाशी निगडित मधुमेहाला ‘टाइप ५’ अशी स्वतंत्र ओळख दिली. हे दोन प्रकार एकच नव्हेत. खडे असलेला स्वादुपिंडजन्य मधुमेह वेगळा. परंतु दोहोंचा बोध समान आहे. प्रत्येक मधुमेही लठ्ठपणाने आजारी पडलेला नसतो, आणि प्रत्येकाला ‘कमी खा’ हा सल्ला लागू पडत नाही.

संकोच सोडून पाहावे

पचन बिघडल्याची लक्षणे ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. लागते ते निरीक्षण. स्निग्धांश पचला नाही तर मल फिकट, तेलकट, चिकट आणि अत्यंत दुर्गंधीयुक्त होतो. तो पाण्यावर तरंगतो, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहतो, कधी पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो. पोट फुगणे, वायू धरणे, जेवणानंतर पोटात कळ येणे, पुरेसे खाऊनही वजन उतरणे ही जोडीची लक्षणे. मात्र तेल-तूप आधीच सोडलेल्या माणसात मलाचा तेलकटपणा दिसेलच असे नाही. अशा वेळी उतरते वजन हाच पुरावा मानावा.

स्निग्धांशाबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही वाया जातात. ‘ड’ गेले की हाडे ठिसूळ होतात आणि साध्या पडण्यानेही मोडतात. ‘अ’ च्या अभावी रात्रीचे दिसणे मंदावते, ‘के’ च्या अभावी रक्त लवकर थांबत नाही.

आणखी एक धोका सर्वांत निकडीचा आहे. रुग्णाने जेवणाच्या हिशेबाने इन्सुलिन घेतलेले असते. अन्न पचलेच नाही, तर साखर रक्तात येत नाही आणि इन्सुलिन मात्र काम करीत राहते. साखर एकाएकी घसरते. घाम, थरथर, गोंधळ, क्वचित बेशुद्धी. स्वादुपिंड सर्वांशाने खराब झालेल्या रुग्णात साखर वर आणणारे ग्लुकागॉन हे संप्रेरकही उणावलेले असते, त्यामुळे ही घसरण अधिक घातक ठरते. साखर कधी गगनाला भिडणारी, कधी पाताळात जाणारी असेल, तर ‘पथ्य मोडले असेल’ असा ठपका रुग्णावर ठेवण्यापूर्वी त्याच्या पचनाची चौकशी व्हावयास हवी.

अर्थात मधुमेहीचे प्रत्येक जुलाब स्वादुपिंडामुळेच असतात असे नाही. मेटफॉर्मिन या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या गोळीनेही जुलाब होतात. व्होग्लिबोज, अकार्बोज या गोळ्या पिष्टाचे पचनच लांबवितात, त्यामुळे पोटात वायू धरतो. टाइप १ च्या रुग्णांत गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सीलिॲक विकार अधिक आढळतो. आतड्याच्या मज्जातंतूंचा दुबळेपणा, आतड्यात जंतूंची अवाजवी वाढ हीही कारणे असतात. म्हणून निदान घरी करावयाचे नाही, गोळ्या मनाने बंद करावयाच्या नाहीत. लक्षणे मात्र निःसंकोच सांगावयाची.

तपासणी आणि उपचार

यासाठी फीकल इलास्टेज ही मलाची तपासणी उपलब्ध आहे. स्वादुपिंडातून आलेले हे विकर आतड्याच्या प्रवासात टिकून राहते, म्हणून त्यावरून अवयवाच्या कामाचा अंदाज येतो. मलाच्या प्रत्येक ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमहून कमी प्रमाण ही उणीव समजली जाते. १०० च्या खाली गेल्यास ती तीव्र मानतात. मल पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी दिसतो, म्हणून घट्ट नमुना द्यावा. गरजेनुसार सोनोग्राफी वा सीटी स्कॅनने स्वादुपिंडातील खडे, सूज वा गाठ पाहिली जाते.

उपचार सोपा आहे. जे विकर कमी पडते ते कॅप्सूलमधून द्यावयाचे. आम्लात नष्ट होऊ नये म्हणून आतील कणांवर आवरण असते. प्रौढांना मुख्य जेवणाबरोबर साधारणतः २५ ते ५० हजार एकक लायपेज आणि अल्पाहाराबरोबर त्याच्या निम्मे, अशी सुरुवात केली जाते. नेमकी मात्रा डॉक्टरच ठरवितात. सर्वांत मोठी चूक घडते ती वेळेची. ही कॅप्सूल उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही, जेवण आटोपल्यावर आठवण झाली म्हणून घेऊनही पुरेसा उपयोग नाही. पहिल्या घासाबरोबर आणि मोठे जेवण असेल तर थोडी मध्ये, अशी ती घ्यावयाची. चावायची नाही. अन्न आणि विकर आतड्यात एकत्र पोचले पाहिजेत, एवढे सूत्र लक्षात ठेवले तरी पुरे.

औषध सुरू झाल्यावर अन्न अंगी लागू लागते, त्यामुळे रक्तातील साखर वाढू शकते. अनेक रुग्ण घाबरून कॅप्सूल बंद करतात. येथे औषध चुकलेले नसते. इन्सुलिनची मात्रा नव्याने जुळविण्याची वेळ आलेली असते. सुरुवातीच्या आठवड्यांत साखर वारंवार मोजावी आणि डॉक्टरांच्या संपर्कात राहावे.

एक गोष्ट उघडपणे सांगणे इष्ट. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून मिळविली जातात. शाकाहारी कुटुंबांना हे आधी कळले पाहिजे. रुग्णाला अंधारात ठेवणे योग्य नव्हे. दुकानात मिळणारी, बुरशीपासून केलेल्या डायस्टेजची वा पपईतील पपेनची पाचक सरबते लायपेजची तीव्र उणीव भरून काढू शकत नाहीत, हेही तेवढेच खरे. निर्णय रुग्णाचा आणि कुटुंबाचा आहे. मात्र संकोचाने औषध टाकून देऊन वर्षभर खंगत राहण्यापेक्षा मनातला प्रश्न डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडणे केव्हाही श्रेयस्कर.

आहाराविषयीही जुनी समजूत बदलली आहे. पूर्वी अशा रुग्णांचे तेल-तूप पूर्ण तोडले जाई. आता विकरांची पुरेशी मात्रा देऊन आहार शक्य तितका नेहमीसारखा ठेवण्याकडे कल आहे, कारण आधीच वाळलेल्या देहाला स्निग्धांशाची गरज असते. थोडे थोडे आणि अधिक वेळा खावे. कोंड्याचा अतिरेक करू नये. मद्य आणि तंबाखू पूर्ण वर्ज्य करावी. ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण तपासून घ्यावे.

कुटुंबाचे कर्तव्य

शेवटी एक इशारा देणे अगत्याचे आहे. पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह निघाला, घरात कोणाला तो नाही, अंगावर चरबी नाही आणि वजन झपाट्याने उतरते आहे, असे दिसल्यास केवळ साखरेच्या गोळ्यांवर थांबू नये. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्या साधारण शंभरांतील एकाला तीन वर्षांच्या आत स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला आढळला. शंभरांतील नव्व्याण्णवांना काही नसते, म्हणून भीती नको; पण त्या एकाला वेळ गमावणे परवडत नाही, म्हणून तपासणी हवी.

सेवावस्त्यांतून आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनाही यातून एक छोटेसे काम हाती घेता येईल. साखर मोजताना त्याच नोंदवहीत आणखी तीन प्रश्न घालावेत. गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले? शौच तेलकट वा चिकट होते का? साखर वारंवार एकाएकी उतरते का? या प्रश्नांना पैसा लागत नाही. ज्याची उत्तरे होकारार्थी येतील, त्याला योग्य ठिकाणी पाठविणे एवढेच काम. गरिबाच्या घरी खाल्लेला प्रत्येक घास कष्टाचा असतो. तो अंगी न लागता वाया जावा, याहून मोठी हानी ती कोणती?

आणि घरी परतल्यावर आपल्या वडीलधाऱ्या मधुमेही माणसाला ‘आज साखर किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘जेवण पचते ना? वजन सांभाळून आहे ना?’ हेही विचारावे. उत्तर द्यायला ते प्रथम संकोचतील. पुन्हा विचारावे. कदाचित त्या एका प्रश्नाने, कोणी लक्ष दिले नाही म्हणून मंदावलेला अग्नी वेळीच ध्यानात येईल आणि दोन घास पुन्हा अंगी लागतील.